बादशहाच्या जावयाची मेहर

माझ्या लिहिण्यात चुका असतील. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. त्यानंतर पेन हातात आला तो सही करण्यापुरता. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवते. समोर कुणी नसलं तरी मला बोलायची लाज वाटते. घरात आम्ही निम्मं हिंदी आणि निम्मं मराठी बोलतो, पण लिहिता येतं ते मराठीतच, म्हणून सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते.

आम्ही न्हावऱ्याचे मण्यार, म्हणजे बांगड्या विकणारे मुसलमान. अब्बा, मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेला भाऊ, एवढेच घरात. अम्मी भाऊ लहान असतानाच गेली. माझा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, तेव्हापासून मी अब्बांबरोबर बाजार करते. गुरुवार असो की सोमवार, कुठल्यातरी गावचा बाजार असतोच. तळेगाव ढमढेऱ्याचा सगळ्यात मोठा. बांगड्या भरून झाल्या की हिंदू बायका आम्हाला वाकून नमस्कार करतात, ती त्यांची रीत आहे. इतकी वर्षं झाली, तरी कुणी वाकलं की मी कावरीबावरी होते. मी मान वर करत नाही, त्यामुळं मला बायकांचे चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत. मनगटं राहतात.

अब्बांना आमच्या घराण्याचा फार अभिमान. पत्र्याच्या एका नळीत गुंडाळलेला जुना कागद आमच्याकडं आहे. फारशी लिपीतला, कडा उंदरांनी खाल्लेल्या. तो गावात कुणालाच वाचता येत नाही. एकदा शिरूरच्या एका मौलानांनी चष्मा पुढंमागं करत त्यातल्या चार ओळी वाचल्या होत्या. आमचा मूळ पुरुष मंगोल जातीचा अमीर होता, डोंगरांच्या पलीकडून घोड्यावर आला आणि बादशहाच्या घरचा जावई झाला, असं त्यात आहे म्हणे. मौलानांनी कागद परत देताना सांगितलं, "बाकीचं पुसट हाय, मला लागत न्हाई." पण अब्बांना बाकीचं सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं.

बाजारात लोक अब्बांना चिडवायचे. "काय बादशा, आज दरबार कुठं भरवायचा?"

"जिथं सावली असंल तिथं," अब्बा म्हणायचे आणि पेटी खाली ठेवायचे.

भावाचे डोळे बारीक, गालाची हाडं वर आलेली आणि दाढीला मोजून वीस केस. नवीन माणूस त्याला विचारायचा, "नेपाळ का है क्या?" अब्बांना राग यायचा. "नेपाळ न्हाई, मंगोल! घोड्यावरची जात हाय आमची."

"अब्बा," भाऊ म्हणायचा, "आपल्याकडं एक स्कूटर हाय, आन् ती पण ढकलल्याबिगर चालू व्हत न्हाई."

अब्बा सांगायचे ती गोष्ट अशी. भीमेच्या काठी बादशहाची छावणी पडली होती. बादशहानं त्या मंगोल अमिराला आपली लेक दिली. लेक होती की भाची, हे अब्बांना धड सांगता यायचं नाही. अमिरानं तिला एक लाख मोहरांची मेहर बांधली. बादशहानं त्याच्या नावावर सगळा मुलूख केला आणि हातात शिक्का दिला. खजिना मात्र बादशहाची माणसं सांभाळायची. पुढं खजिन्यात तूट निघाली आणि प्रत्येक कागदावर शिक्का होता जावयाचा. एके दिवशी बादशहानं त्याला जेवायला बोलावलं. तो गेला. दुपारी एक नोकर त्याचा घोडा लगाम धरून परत घेऊन आला.

हा शेवटचा भाग अब्बा भरकन सांगायचे आणि पुन्हा एक लाख मोहरांवर यायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, मग बादशहाच्या लेकीचं काय झालं? अब्बा म्हणाले, "तिचं काय व्हायचंय? ती तिच्या बापाच्याच घरी व्हती."

भाऊ चोवीस वर्षांचा झाला आणि एक दिवस आमच्या दारात मोठी पांढरी गाडी उभी राहिली. भांडगावचे सेठ आले होते. पुणे-सोलापूर हायवेला त्यांचं भंगाराचं मोठं गोडाऊन, ट्रक, वजनकाटा. एकुलती एक मुलगी. त्यांना घरजावई हवा होता आणि आमच्या कागदाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी तो कागद मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांनाही वाचता येत नव्हतं, ते मला दिसत होतं. त्यांचा आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागायचं.

"पैसा आमच्याकडं हाय," ते म्हणाले. "खानदान पायजे." मग भावाकडं पाहून त्यांनी विचारलं, "सही चांगली येती ना?"

सगळे हसले. भाऊही हसला. बारावी झाला होता, सही न यायला काय झालं! मी पडद्यामागं चहा गाळत होते. माझ्या हातातली गाळणी थांबली, का थांबली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

लग्न दौंडला झालं. मेहर म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम. ती निकाहात ठरते आणि बायको मागेल तेव्हा द्यावी लागते. आमच्यासारख्यांत पाच हजार, दहा हजार बांधतात. सेठच्या माणसांनी एक्कावन्न हजार सुचवले. अब्बा उठून उभे राहिले.

"आमच्यात मेहर लहान बांधत न्हाईत. आमचा पूर्वज बादशाचा जावई. पाच लाख लिहा."

त्या दिवशी मंडपवाल्याला द्यायलासुद्धा आमच्याकडं पुरेसे पैसे नव्हते. सेठ हळूच हसले. "लिहा काजीसाहेब. मोठ्या घराण्याचा शब्द हाय."

मी बायकांच्या बाजूला नवरीजवळ बसले होते. तिचे हात मीच भरले होते. गव्हाळ, रुंद मनगटं, बांगडी सहज जात नव्हती. ओढणीखालून ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आपा, तुमचे अब्बा वेडे हायेत का?"

मला हसू आलं. त्या घरातलं मला आवडलेलं ते पहिलं माणूस.

लग्नानंतर भाऊ भांडगावला राहायला गेला. पहिल्या महिन्यात त्याला नवा फोन मिळाला आणि जुना नंबर बंद झाला. स्कूटर गोडाऊनच्या एका कामगाराला दिली. दुसऱ्या महिन्यात गोडाऊनवर नवा बोर्ड लागला. त्यावर भावाचं नाव, लाल अक्षरांत, माझ्या उंचीएवढं. अब्बांनी त्या बोर्डाखाली उभं राहून फोटो काढला आणि बाजारात गिऱ्हाइकांना दाखवला.

ईदला भाऊ घरी आला तो गाडीतून, सोबत ड्रायव्हर. ड्रायव्हर दारात थांबला नाही. आत येऊन भावाच्या शेजारी बसला आणि शिरखुर्मा होईपर्यंत हलला नाही. मी भावाला विचारलं, "बाबा, जेवतोस ना नीट?"

"जेवतात की," ड्रायव्हर म्हणाला. "जमाईराजाला काय कमी हाय?"

भाऊ हात धुवायला मोरीकडं आला तेव्हा मी पाणी घालता घालता विचारलं, काम काय असतं?

"सही करायची," तो म्हणाला. "दिवसाला वीस-पंचवीस."

"कशावर?"

"वाचायला देत न्हाईत. सेठ म्हनतात, घरचंच हाय, जावयानं काय वाचायचं!"

त्यानं ओला हात माझ्या ओढणीला पुसला, लहानपणी पुसायचा तसा. बाहेर ड्रायव्हर खाकरला.

पुढच्या महिन्यात मी एकटीच बांगड्यांची पेटी घेऊन भांडगावला गेले. जावयाच्या बहिणीनं पेटी घेऊन यावं हे सेठला आवडलं नाही, पण ते काही बोलले नाहीत. माझ्यासाठी जेवण वाढायला सांगितलं. गोडाऊनच्या मागं भंगार निवडणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या एकीनं हात पुढं केला. पत्र्यानं कापलेल्या बोटांचा, काळा पडलेला हात.

"हिरव्या भरा. स्वस्तातल्या." मग खाली पाहूनच ती म्हणाली, "तुमी नव्या मालकाची भैन व्हय?"

"व्हय."

तिनं हनुवटीनं पाण्याच्या हौदाकडं दाखवलं. हौदावर झाकण म्हणून एक मोठा पत्रा टाकला होता. उलटा. कडेला लाल रंगाची अक्षरं दिसत होती. "त्यो आधीचा बोर्ड. सेठच्या पुतण्याचा. सगळं त्याच्या नावानं व्हतं."

"तो कुठं असतो आता?"

"आत हाय," ती म्हणाली. "जेलात, दोन वर्सं झाली. सेठ दर म्हैन्याला डबा धाडत्यात. लई मायाळू मानूस."

ती थट्टा करत होती की खरं बोलत होती, मला कळलं नाही. माझ्या हातून एक बांगडी वाढली. काच तिच्या मनगटाला लागली, तर तीच म्हणाली, "असू द्या, लागलं न्हाई."

घरी येऊन मी अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "पुतण्या वेगळा, जावाई वेगळा." पण त्या दिवसापासून त्यांनी तो फोटो दाखवायचं बंद केलं.

दिवाळीच्या आसपास पोस्टमननं एक जाड पाकीट आणलं. भावाच्या आधार कार्डावर पत्ता अजून न्हावऱ्याचाच होता. मी सही करून घेतलं. आत इंग्रजीत दोन पानं. चौकातल्या कॉम्प्युटरवाल्यानं वाचून दाखवलं. भावाच्या नावावरच्या धंद्यानं खोटी बिलं दाखवून जीएसटी बुडवलाय, उत्तर द्या, नाहीतर कारवाई. किती बुडवलाय तो आकडा त्यानं मला सांगितला नाही, बोटानं दाखवला. शून्यं मोजताना मी दोनदा चुकले.

"ताई, यात अटक पण व्हती," तो म्हणाला. "लवकर काय ते करा."

आता आम्हाला एकच दिसत होतं. भावाचं नाव त्या कागदांवरून निघालं पाहिजे, नाहीतर तोही त्या पुतण्याच्या शेजारी जाऊन बसेल.

मी आणि अब्बा भांडगावला गेलो. आधी मी आत जाऊन भावाच्या बायकोचे हात हातात घेतले, बांगड्या बदलायच्या निमित्तानं, आणि हळू आवाजात नोटिशीचं सांगितलं. तिनं हात काढून घेतला नाही.

"मला ठाऊक हाय, आपा. अशी पाकिटं इथं पण येतात. अब्बा टेबलाच्या ड्रॉवरमधी ठेवतात."

"मग तू बोलली न्हाईस?"

"कुणाशी बोलू? तुमच्या भावाला सांगितलं. ते म्हनाले, सोडून गेलो तर तुझं काय? आत हाय त्या माझ्या चुलतभावानं पण असंच म्हनत म्हनत एक वर्स काढलं व्हतं."

जेवणाला सगळे एकत्र बसले. सेठनी अब्बांच्या ताटात स्वतःच्या हातानं मटण वाढलं. अब्बांनी कसंबसं सांगितलं, पोराला आता घरी न्यायचं म्हणतो. नाव काढून घ्या. भाऊ ताटात पाहत होता.

"न्या की," सेठ म्हणाले. "अडवलंय कुणी? फारकत घ्या, आमच्या पोरीची मेहर द्या आन् न्या. पाच लाख. मोठ्या घराण्याचा शब्द हाय तो, मी न्हाई सांगितला. ज्या दिवशी मेहर पुरी व्हईल त्या दिवशी माझा वकील नाव काढंल. जमातीसमोर सांगतो." मग ड्रायव्हरकडं पाहून, "तवर जमाईराजा इथंच बरे. न्हाई का?"

आणि त्यांनी अब्बांच्या ताटात आणखी एक फोड वाढली. अब्बांना ती खाता आली नाही.

अब्बा फार खचले. आठवड्यानं ते पुन्हा गेले, मला घेऊन. या वेळी सुनेपुढं बसले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "बेटी, एक शब्द म्हन. माफ म्हन. बायकोनं मेहर माफ केली की झालं. माझी चूक झाली, मी बोललो. माझ्या मोठेपणासाठी त्याचा जीव जाईल."

ती म्हणाली, "चाचा, या घरात माझ्या नावावर काय हाय सांगू? काही न्हाई. ट्रक त्यांच्या नावावर, सह्या त्यांच्या, पैसा अब्बांचा. ही एक मेहरच माझी हाय. ती पण माफ करू?"

अब्बा माझ्याकडं वळले. "तू सांग हिला. तू बाई हायेस."

मी कधी अब्बांच्या शब्दापुढं बोलले नव्हते. पण मला एकदम माझ्या नवऱ्याचा जनाजा आठवला. उचलायच्या आधी बायका माझ्या कानाशी आल्या होत्या. माफ म्हण, मेहर माफ म्हण, त्याला पुढं जड जाऊ नये. मी म्हटलं. सात हजार होते. चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी दिरानं माझी पेटी रिक्षात ठेवली. रिक्षाचं भाडं माझ्याकडं नव्हतं, ते अब्बांनी न्हावऱ्यात दिलं.

"माफ नको करू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आपन पूर्ण देऊ, अब्बा."

"कुठनं देनार?"

"देऊ."

अब्बांनी टोपी घातली आणि बाहेर जाऊन रस्त्याकडेला उभे राहिले. सून माझा हात धरून म्हणाली, "आपा, पन माझ्याच हातात द्या. अब्बांच्या हातात एक रुपया नको. त्यांच्याकडं गेला तर तो कवा मेहर व्हता हेच राहनार न्हाई."

न्हावऱ्याला घराशेजारी रस्त्याकडेला आमची दोन गुंठे जागा होती. विकायची घाई आहे म्हटल्यावर लोकांनी भाव पाडला. तरी विकली. माझे कानातले गेले. अब्बांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं, म्हणून मी एकटी बाजार करू लागले. ज्या बायकांशी मी कधी बोलले नव्हते त्यांच्याशी मला भाव करावा लागला. तळेगावात एक म्हातारी म्हणाली, "अगं, तुला तोंड हाय व्हय! मला वाटलं मुकी हायेस." मी म्हटलं, "हाय मावशी, ठेवून दिलं होतं."

पैसे मी पेटीत बांगड्यांच्या खणाखाली मखमलीत गुंडाळून न्यायची आणि तिचे हात भरता भरता तिच्या ओटीत सोडायची. ती दौंडला बँकेत जाऊन स्वतःच्या खात्यात भरायची आणि पावतीचा फोटो माझ्या फोनवर पाठवायची. असं आठ महिने चाललं. त्या आठ महिन्यांत आणखी दोन पाकिटं आली. दुसरं आलं तेव्हा पोस्टमननं पाणी मागितलं नाही, नेहमी मागायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अधूनमधून ती पांढरी गाडी उभी राहू लागली. आत ड्रायव्हर काच खाली करून बसलेला. काही विचारायचा नाही. मी बाजारातून आले की मला सलाम करायचा.

मी भांडगावला गेले की भाऊ दिसायचा, पण दर वेळी थोडा कमी दिसायचा, असं वाटायचं. वजन उतरलं होतं. बोलता बोलता त्याचा उजवा हात हवेत फिरायचा, सही केल्यासारखा. मी तो हात धरून खाली ठेवला तर म्हणाला, "आपा, मला कळत पन न्हाई गं."

शेवटचे तीस हजार राहिले तेव्हा सुनेनं सेठना सांगितलं, मेहर आली, जमातीला बोलवा. एवढे पैसे तिच्याकडं आधीच पोचलेत हे त्यांना तेव्हा कळलं. ती सांगत होती की त्यांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "माझीच लेक हायेस."

ठरल्या दिवशी सकाळी दौंडला वकिलाकडं कागद झाले. भावाचं नाव निघालं. वकील कागद लावता लावता म्हणाला, "पुढचं सुटलं. मागच्या महिन्यांचं मात्र तुम्हालाच विचारतील, तयारी ठेवा." भाऊ मान हलवत राहिला.

दुपारी भांडगावला बैठकीत जमातीचे दोन बुजुर्ग बसले. दोघांच्या राजीखुशीनं फारकत लिहिली. त्याआधी सुनेनं मला आत बोलावलं होतं. मी तिला म्हटलं, तू पण चल. फारकत कागदावर राहू दे, नंतर बघू. ती माझ्या पेटीतल्या बांगड्यांवर बोट फिरवत राहिली.

"मी आले तर अब्बा तुमच्या दारात येतील, आपा. मी इथं हाय तवर येनार न्हाईत. त्यांना घर रिकामं आवडत न्हाई."

बैठकीत सेठ बुजुर्गांना चहा घ्यायचा आग्रह करत होते. हळू आवाजात एकाला म्हणाले, "तुमच्या शिरूरकडं कुणी चांगलं खानदान असंल तर ध्यानात ठेवा. पोरगं शिकलेलं पायजे. पैशाचं काही न्हाई."

पडद्यापाशी सून उभी होती. तिनं ते ऐकलं. भावानंही ऐकलं, पण त्यानं वर पाहिलं नाही.

मी मखमल सोडली आणि तीस हजार तिच्या हातात दिले. तिनं नोटा दोनदा मोजल्या, सगळ्यांसमोर, घाई न करता. मग बुजुर्गांकडं पाहून म्हणाली, "पाच लाख पूर्ण मिळाले. यांच्याकडं माझं काही येणं न्हाई."